काल वॉर्निंग, आज एरर: लॅबमधला सी प्रोग्राम तुमच्या फोनवर का चालत नाही?

कॉलेजच्या लॅबमध्ये चालणारा सीचा प्रोग्राम घरी येऊन मोबाइलवर टाकला की चालत नाही. कोडमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं. लॅबमध्ये दोन-तीन वॉर्निंग यायच्या, पण खाली आउटपुट दिसायचं. इथे मात्र थेट लाल अक्षरात एरर. डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असाल, तर हा अनुभव तुम्हाला एक तर आला असेल, नाहीतर या सेमिस्टरला येईल.

मी मूळचा नृसिंहवाडीचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. शिरोळ, कुरुंदवाड, जयसिंगपूर भागातली ओळखीची पोरं मला असे स्क्रीनशॉट पाठवत असतात. चुलतभावाचा मेसेज तर ठरलेला: "दादा, लॅबात चालतोय की! मोबाइलवरच चालंना झालाय. ॲप बाद आहे काय?"

ॲप बाद नाही आणि फोनही बाद नाही. झालंय असं की जगातले दोन सगळ्यात जास्त वापरले जाणारे सी कंपायलर गेल्या दोन-तीन वर्षांत कडक झालेत. ज्या चुकांवर ते आधी फक्त कुरकुर करायचे, त्यावर आता सरळ दार बंद करतात. आपल्याकडच्या नोट्स, जर्नल आणि लॅबमधली कॉम्प्युटर मात्र जुन्याच जमान्यात आहेत. या दोन्हींच्या मध्ये अडकलाय तो विद्यार्थी.

नेमकं काय बदललं?

फोनवर टर्मक्समध्ये सी चालवत असाल तर तिथे क्लँग नावाचा कंपायलर आहे. तुम्ही 'जीसीसी' असं टाइप केलं, तरी टर्मक्स आतून क्लँगच चालवतं. लॅबमध्ये लिनक्स असेल तर तिथे बहुतेक वेळा जीसीसी असतो.

मार्च २०२३ मध्ये क्लँगची १६ वी आवृत्ती आली. तिच्यापासून दोन गोष्टी वॉर्निंगच्या यादीतून एररच्या यादीत गेल्या. पहिली, एखादं फंक्शन आधी न सांगताच वापरणं. दुसरी, प्रकार न लिहिता नुसतंच 'मेन' लिहून कंस उघडणं. मे २०२४ मध्ये जीसीसीच्या १४ व्या आवृत्तीनेही तेच केलं. शिवाय पॉइंटर आणि पूर्णांक यांची सरमिसळ आणि एका प्रकारचा पॉइंटर दुसऱ्या प्रकारच्या जागी ठेवणं, यांनाही एरर ठरवलं.

गंमत म्हणजे पहिल्या दोन सवयी सी भाषेच्या नियमांतून १९९९ सालीच काढून टाकल्या होत्या. कंपायलरनी जुना कोड अडू नये म्हणून पंचवीस वर्षं सवलत चालू ठेवली. आता ती संपली.

त्यावर एप्रिल २०२५ मध्ये जीसीसीची १५ वी आवृत्ती आली. ती न सांगता सी-२३ हे नवं मानक धरून चालते. त्यामुळे 'बूल', 'ट्रू', 'फॉल्स' हे आता भाषेचे राखीव शब्द झाले. जुन्या नोट्समध्ये हे शब्द हाताने तयार केलेले असतील तर एरर येणार. फंक्शनच्या नावापुढे रिकामा कंस लिहिला, तर त्याचा अर्थ आता 'हे फंक्शन काहीच घेत नाही' असा होतो. पूर्वी तो 'काय घेतं ते नंतर बघू' असा होता. म्हणजे वर रिकामा कंस आणि खाली दोन आकडे पाठवले, तर तेही चालणार नाही.

मग लॅबमध्ये का चालतं? उबुंटू २२.०४ मध्ये जीसीसी ११ आहे आणि २४.०४ मध्ये १३. दोन्ही १४ च्या अलीकडचे, म्हणून तिथे अजून वॉर्निंगवर भागतं. लॅबची कॉम्प्युटर ज्या दिवशी अपग्रेड होतील, त्या दिवशी तिथेही हेच होईल.

इशारा पातळी आणि धोका पातळी

आमच्याकडे पावसाळ्यात प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर एक आकडा फिरतो: कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ३९ ला कुणाच्या घरात पाणी शिरत नाही. पण नदीकाठची माणसं त्याच वेळी जनावरं हलवायला लागतात, वाडीतले बासुंदी-पेढ्याचे दुकानदार माल वर चढवतात. '४३ होऊ दे, मग बघू' असं म्हणणाऱ्याचं काय होतं, हे २०१९ आणि २०२१ ला सगळ्यांनी पाहिलंय.

कंपायलरची वॉर्निंग ही ३९ फुटांची पाटी आहे. प्रोग्राम बनला, चालला, आउटपुटही आलं. पण पाणी चढतंय. आपल्याकडे लॅबमध्ये शिकवतात काय? "वॉर्निंग आहे, एरर नाही, सोडून दे." हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा ऐकलंय.

साधं उदाहरण घ्या. स्कॅनएफ लिहिताना व्हेरिएबलच्या आधीचं & विसरलं. कंपायलर सांगतो की टक्का-डीला पत्ता हवा होता, तुम्ही आकडा दिलाय. पण ही अजूनही बऱ्याच ठिकाणी नुसती वॉर्निंगच आहे. प्रोग्राम बनतो, चालवला की 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणून आपटतो. मग पोरगं अर्धा तास लूप तपासत बसतं. उत्तर पहिल्याच वॉर्निंगमध्ये ओळ क्रमांकासकट लिहिलेलं होतं.

टर्बो सीत चालायचं ते

जुन्या पिढीचे सर म्हणतात, "आमच्या वेळी तर हे सगळं चालायचं." ते खोटं बोलत नाहीत. बोरलँड कंपनीचं टर्बो सी १९८७ साली आलं. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत ते आजही डॉसबॉक्समध्ये गुंडाळून चालवतात, कारण १६ बिटचा प्रोग्राम आजच्या ६४ बिट विंडोजवर सरळ चालतच नाही.

त्या जगात पूर्णांक दोन बाइटचा आणि छोट्या मेमरी मॉडेलमध्ये पॉइंटरही दोन बाइटचाच. त्यामुळे पॉइंटरच्या जागी पूर्णांक धरला तरी बहुतेक वेळा काही बिघडायचं नाही. आजच्या फोनमध्ये पूर्णांक चार बाइटचा आणि पॉइंटर आठ बाइटचा असतो. आठ लिटरचं दूध चार लिटरच्या कॅनमध्ये ओतलं तर निम्मं सांडणारच. चूक तेव्हाही होती, फक्त सांडलेलं दिसत नव्हतं.

टर्बो सीच्या नोट्समधल्या चार गोष्टी आजच्या कंपायलरवर हमखास अडतात:

- कोनिओ डॉट एच ही हेडर फाइल. ती डॉसची आहे, लिनक्स किंवा अँड्रॉइडवर नाहीच. 'नो सच फाइल' असा एरर येतो. ओळ काढून टाका.
- सीएलआरएससीआर आणि गेटसीएच. हेडर गेली की ही फंक्शनंही गेली. जर्नलमधल्या बहुतेक प्रोग्रामना त्यांची गरजच नसते.
- नुसता 'मेन' किंवा 'व्हॉइड मेन'. पहिल्यावर आता एरर येतो, दुसऱ्यावर क्लँग वॉर्निंग देतो. 'इंट मेन' लिहायची सवय लावा.
- गेट्स. ओळ वाचायचं हे फंक्शन २०११ च्या मानकातून काढून टाकलंय, कारण किती अक्षरं घ्यायची याची त्याला मर्यादाच नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला सुटलेला मॉरिस वर्म हा इंटरनेटवरचा पहिला मोठा हल्ला पसरला, तो ज्या वाटांनी, त्यातली एक वाट हे गेट्सच होतं. त्याऐवजी एफगेट्स वापरा आणि मर्यादा सांगा.

कंपायलर थांबतो कुठे, लिंकर सुरू होतो कुठे?

एरर आला की आधी एकच प्रश्न विचारा: हा कुणी दिलाय?

कंपायलर एका वेळी एकच डॉट सी फाइल वाचतो आणि तिची डॉट ओ फाइल बनवतो. दुसऱ्या फाइलमध्ये काय आहे हे त्याला माहीत नसतं. लिंकर नंतर येतो. तो सगळ्या डॉट ओ फाइल आणि लायब्ररी एकत्र आणतो आणि कुणी कुणाला हाक मारलीय ते जुळवून देतो.

ओळखायची खूण सोपी आहे. संदेशात फाइलचं नाव, ओळ क्रमांक आणि चुकीच्या जागेखाली छोटा बाण असेल, तर तो कंपायलर. 'अनडिफाइन्ड रेफरन्स', 'अनडिफाइन्ड सिम्बॉल', 'मल्टिपल डेफिनिशन' किंवा शेवटी 'एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस' असं असेल, तर तो लिंकर. लिंकरचा एरर आला म्हणजे तुमचं व्याकरण बरोबर आहे, माणूस जागेवर नाही. तिथे अर्धविराम शोधत बसू नका.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी पुस्तकात क्वचितच सांगतात. सीमध्ये लिंकर फक्त नाव जुळवतो, प्रकार जुळवत नाही.

समजा दूध संस्थेचं बिल काढायचा प्रोग्राम आहे. दुसऱ्या फाइलमध्ये 'दर' नावाचं फंक्शन फॅट घेतं आणि ४१.५० असा दशांश आकडा परत देतं. पहिल्या फाइलमध्ये तुम्ही ते आधी न सांगताच वापरलं. जुना कंपायलर म्हणायचा: 'मला हे माहीत नाही, पण पूर्णांक देत असेल असं धरतो', आणि एक वॉर्निंग द्यायचा. लिंकरला 'दर' नाव सापडायचं, तो खूश. प्रोग्राम बनला. पण आजच्या प्रोसेसरवर दशांश आकडा एका खणात परत येतो आणि पूर्णांक दुसऱ्या. पहिली फाइल रिकाम्या खणात हात घालून जे मिळेल ते उचलायची. बिलात ४१.५० ऐवजी भलताच आकडा. कुठेही एरर नाही, प्रोग्राम आपटतही नाही, फक्त शेतकऱ्याचे पैसे चुकतात.

म्हणूनच ही वॉर्निंग एरर झाली, ते मला पटतं. आपटणारा प्रोग्राम परवडला. चुकीचं उत्तर ठामपणे देणारा परवडत नाही.

लिंकरचे नेहमीचे पाच एरर

आज्ञा मी फोनवर सांगतात तशा अक्षरं फोडून लिहितोय.

१. वर्गमूळ सापडत नाही. एसक्यूआरटीसाठी मॅथ डॉट एच घेतली, तरी 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतो. हेडर फाइल फक्त ओळख करून देते, खरं फंक्शन गणिताच्या लायब्ररीत असतं. आज्ञेच्या शेवटी 'डॅश एल एम' लावा. इथे एक कोडं आहे: थेट १६ चं वर्गमूळ मागितलं तर जीसीसीमध्ये बऱ्याचदा 'डॅश एल एम' शिवायही चालतं, आणि व्हेरिएबलचं मागितलं की अडतं. कारण १६ चं उत्तर कंपायलर स्वतःच काढून ठेवतो, लिंकरपर्यंत विषय जातच नाही.

२. 'डॅश एल एम' लावलं, तरी तोच एरर. ते फाइलच्या नावाआधी लावलं असेल. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. अजून कुणी काही मागितलेलंच नाही, तर उबुंटूवर तो लायब्ररी बाजूला ठेवतो. आधी फाइल, मग लायब्ररी.

३. 'मेन' सापडत नाही. स्पेलिंग बघा. 'मेन'चं पहिलं अक्षर कॅपिटल पडलंय का बघा. फोनचा कीबोर्ड ओळीचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. आणि फाइल सेव्ह केली का तेही बघा. रिकामी फाइल कंपाइल केली तरी हाच एरर येतो.

४. एकच नाव दोनदा, म्हणजे 'मल्टिपल डेफिनिशन'. हेडर फाइलमध्ये ग्लोबल व्हेरिएबल लिहिलं आणि ती हेडर दोन फाइलींनी घेतली. मे २०२० मधल्या जीसीसी १० च्या आधी हे गुपचूप चालायचं, आता चालत नाही. हेडरमध्ये व्हेरिएबलच्या आधी 'एक्स्टर्न' लिहा आणि खरं व्हेरिएबल कुठल्यातरी एकाच डॉट सी फाइलमध्ये ठेवा. इन्क्लुड करून दुसरी डॉट सी फाइलच आत ओढली आणि आज्ञेतही तिचं नाव दिलं, तरी हाच एरर येतो.

५. स्वतःचं फंक्शन सापडत नाही. दोन फाइलींचा प्रोग्राम आहे आणि आज्ञेत एकाच फाइलचं नाव दिलंय. दोन्ही द्या.

टर्मक्सवाल्यांसाठी आणखी एक. सगळं बनलं आणि चालवताना 'परमिशन डिनाइड' आलं, तर हा कंपायलरचाही एरर नाही आणि लिंकरचाही नाही. फोनच्या डाउनलोड फोल्डरमधून प्रोग्राम चालवायला अँड्रॉइड परवानगी देत नाही. फाइल टर्मक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा.

सी न शिकणाऱ्यालाही लिंकर भेटतोच

तुमच्या फोनमधल्या कितीतरी ॲपच्या पोटात सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या लायब्ररी असतात: गेम, कॅमेऱ्याचे फिल्टर, व्हिडिओ प्लेअर. ॲप उघडताना फोनमधला लिंकर त्या जोडतो. एखादी सापडली नाही की ॲप उघडल्या उघडल्या बंद पडतं. त्यामागे बऱ्याचदा 'अनसॅटिस्फाइड लिंक एरर' असतो. तुम्हाला दिसतं ते फक्त 'ॲप बंद झालं आहे'.

इथेही सध्या एक मोठा बदल चालू आहे. अँड्रॉइड फोन मेमरीची पानं ४ केबीची धरत आलेत. अँड्रॉइड १५ पासून १६ केबीच्या पानांचे फोनही चालतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून गुगल प्लेने नियम केला, की अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्या आवृत्तीसाठी बनवलेल्या नव्या ॲपना आणि अपडेटना १६ केबीचा आधार हवाच. लायब्ररी मेमरीत कुठल्या मापाच्या सीमेवर बसवायची हे ठरवतो लिंकर. म्हणजे बऱ्याच ॲपवाल्यांना कोड न बदलता, नुसतं लिंकरला नवं माप सांगून ॲप पुन्हा बांधावं लागतं. अँड्रॉइडच्या एनडीके साधनांची २८ वी आवृत्ती हे आपोआप करते. पण दुसऱ्याने बनवलेली, मूळ कोड हातात नसलेली जुनी लायब्ररी आत असेल, तर ॲपवाल्याला तिच्या मालकाकडे धाव घ्यावी लागते.

दोन्ही बातम्यांतला धागा एकच आहे. मेमरी, प्रोसेसर, भाषा बदलतात. जुन्या गृहीतकांवर चाललेलं काम एक दिवस अडतं. अशा वेळी ज्याला एरर वाचता येतो, त्याचं काम तासाभरात होतं.

ओझं कुणावर?

कंपायलर कडक झाले, हे माझ्या मते योग्यच झालं. पण त्याची किंमत चुकीच्या माणसाकडून वसूल होतेय. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो जुनी आवृत्ती टाकून मोकळा होतो. ज्याच्याकडे फक्त फोन आहे, त्याला सगळ्यात नवा आणि सगळ्यात कडक कंपायलर मिळतो, आणि सोबत हातात टर्बो सीच्या नोट्स. एरर आला की त्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांबाबत हे मी जास्त पाहिलंय. जीसीसीचे संदेश जर्मन, जपानी, व्हिएतनामीतसुद्धा भाषांतरित झालेत, मराठीत नाहीत.

कॉलेजांनी तीन गोष्टी केल्या तरी खूप होईल. जर्नलमधले प्रोग्राम एकदा नव्या कंपायलरवर चालवून दुरुस्त करायचे. बहुतेक ठिकाणी एक-दोन ओळींचंच काम आहे. लॅबमध्ये वॉर्निंग चालू ठेवून शिकवायचं. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत नुसत्या आउटपुटला नाही, तर वॉर्निंग नसलेल्या प्रोग्रामला मार्क द्यायचे.

तोपर्यंत तुमच्या हातात काय आहे?

कंपाइल करताना नेहमी 'डॅश, कॅपिटल डब्ल्यू, ए, एल, एल' लावा. याने नेहमीच्या वॉर्निंग चालू होतात. एररची मोठी यादी आली तर सगळ्यात वरचा आधी सोडवा आणि पुन्हा कंपाइल करा. खालचे बरेचसे त्याचीच पिल्लं असतात. संदेशाचा स्क्रीनशॉट पाठवताना शेवटची ओळ नाही, पहिली ओळ पाठवा. एआयला विचारायचं असेल तर 'दुरुस्त करून दे' म्हणू नका, पूर्ण संदेश देऊन 'याचा अर्थ सांग' म्हणा. तो पूर्ण नवा प्रोग्राम लिहून देईल, परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र तो सोबत नसतो.

उद्याच सबमिशन आहे आणि जुना प्रोग्राम आजच चालवायचाय, तर तोडगा आहे. जीसीसी १४ च्या पुढे 'डॅश, एफ-परमिसिव्ह' लावलं की हे नवे एरर पुन्हा वॉर्निंग होतात. पण तो तोडगा म्हणजे बंधाऱ्यावरच्या पाटीवरचा ३९ चा आकडा पुसण्यासारखं आहे. पाटी गप्प बसेल, पाणी नाही. सबमिशन झालं की त्याच संध्याकाळी त्या वॉर्निंग एकेक करून सोडवा. बहुतेक वेळा एक हेडर घ्यायची किंवा वर फंक्शनची एक ओळ लिहायची, एवढंच काम असतं.